सांभाळलेल्या लेकरांचे अठरावे वर्ष

आपल्या खेड्यापाड्यांत आईबापाविना राहिलेले लेकरू सांभाळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणाच्या घरी भावाची मुले असतात, कुणाकडे बहिणीचा मुलगा, कुणाकडे लेकीची पोर. चार भाकरी थापायच्या तिथे पाच थापू, असे म्हणून माणसे दार उघडतात आणि गाव त्यांचे कौतुक करते. पण हे कौतुक लेकरू लहान असते तोवरच चालते. ते सोळा-सतरा वर्षांचे झाले, की गावाचा सूर बदलतो. मुलगा असेल तर, "झाला की आता हाताशी, लावा कामाला." मुलगी असेल तर, "उजवून टाका, मोकळे व्हाल एकदाचे." पोटच्या लेकराला याच वयात आपण विचारतो, "तुला पुढे काय व्हायचे आहे?" सांभाळलेल्या लेकराला हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्याच प्रश्नाविषयी आज चार शब्द लिहावेत असे मनात आले.

आमचे गाव कपिलधारच्या जवळ, बालाघाटच्या डोंगरात. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे हे ठिकाण महाराष्ट्रात, कर्नाटकात, तेलंगणात सगळीकडे माहीत आहे. कार्तिक पौर्णिमेला दिंड्या येतात, डोंगर माणसांनी भरून जातो. पावसाळ्यात धबधबा बघायला गर्दी होते. बाकीचे दिवस मात्र आमचे तेच ते. हलकी जमीन, बाजरी, तूर, सोयाबीन, बांधाला सीताफळे, आणि दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार.

माझा थोरला भाऊ विहिरीच्या कामावर असताना गेला आणि पुढे दीड वर्षात वहिनी दुखण्याने गेली. २०१५ साली त्यांची दोन्ही लेकरे आमच्याकडे आली. भाची तेव्हा नऊ वर्षांची, भाचा सहा वर्षांचा. आमची स्वतःची दोन. सासूबाई म्हणाल्या, "आता मोजायचे नाही, सगळी आपलीच." आणि त्यांनी खरेच कधी मोजले नाही.

खाऊपिऊ घालणे सोपे असते, असे मी म्हणत नाही. पण खरे अवघड काम पुढचे असते. पोटचा मुलगा एकदा नापास झाला, दोनदा नापास झाला, तरी त्याच्या पाठीशी घर असते, जमीन असते, रागावणारा का होईना बाप असतो. बिनआईबापाच्या लेकराला पडून उठायला तेवढी जागा नसते. म्हणून त्याची तयारी इतरांपेक्षा लवकर आणि जरा जास्तच नेटाने करावी लागते. आम्ही ही तयारी भाची चौदा वर्षांची झाली तेव्हापासून सुरू केली.

याला आपल्याकडे थोर उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. त्यांनी त्याला नुसते वाढवले नाही, तर शिकवून डॉक्टर केले. त्याच्या हक्काला पुढे कुणी आडवे येऊ नये म्हणून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून ठेवले. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. सांभाळलेल्या मुलाला शिक्षण द्यायचे, त्याच्या हक्काचा कागद करून ठेवायचा आणि त्याला माणसांच्या उपयोगी पडेल असे घडवायचे, एवढे सगळे त्या एका घराने दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले.

आता कागदाचेच आधी सांगते, कारण खेड्यात सगळे अडते ते कागदापाशी.

आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात त्या दोघांचे सगळे कागद आहेत. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्माचे दाखले, शाळेचे बोनाफाईड आणि टी.सी., आधार कार्डे, रेशनकार्डाची नक्कल, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेची पासबुके. प्रत्येकाच्या तीन-तीन नकला. पेटीची एक किल्ली माझ्याकडे आणि एक भाचीकडे. ती पंधरा वर्षांची झाली तेव्हाच तिच्या हातात दिली. कागद कुठला, कशाला लागतो आणि कुठे मिळतो, हे तिला तोंडपाठ पाहिजे, असा आमचा आग्रह होता.

एकदा तिला एकटीलाच बीडला सेतू केंद्रात पाठवले. मांजरसुंब्याहून एस.टी. ने गेली आणि हात हलवत परत आली. आधारला जोडलेला मोबाईल नंबर तिच्या बापाचा, तो केव्हाच बंद झालेला. नंबरवर येणारा आकडा सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मग आधी नंबर बदलून घेतला आणि पुढच्या आठवड्यात दाखला मिळाला. ही अडचण किती घरांत असेल! ज्यांच्या घरात असे लेकरू आहे त्यांनी हे एक काम या महिन्यातच करून टाकावे. प्रवेशाच्या धावपळीत ते जमत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. भावाच्या वाट्याला वाटणीत सव्वादोन एकर आली होती. त्याच्या माघारी वारसांची नोंद करून घेतली. मुले लहान असल्याने सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे अज्ञान पालनकर्ता म्हणून नाव लागले. गावात पुष्कळांचा समज असा, की ज्याचे नाव पालनकर्ता म्हणून लागले तो मालक झाला. तसे मुळीच नाही. १९५६ च्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची स्वतःच्या नावची जमीन खुद्द आईबापालासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग नुसत्या सांभाळणाऱ्या आत्या-चुलत्यांना ती विकण्याचा अधिकार कुठून येणार? मुलीचाही वाटा मुलाइतकाच. मूल अठरा वर्षांचे झाले, की वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि तो शेरा कमी करून घ्यायचा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माणूस तोच आणि कामही तेच.

हे सगळे मला का शिकावे लागले, तेही सांगते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा चुलता, सुरुवातीला म्हणत होता, "जमीन मी कसतो. पोरीच्या लग्नाचे मी बघतो. मग हिशेब कसला?" भाऊ वाईट नाही. पण जमीन आणि लग्न यांची अशी सांगड एकदा घातली, की पोरीचे लग्न होते आणि जमीन तिकडेच राहते. चार दिवस घरात धुसफूस झाली. माहेर तुटते की काय, असे मला वाटले. शेवटी आमच्या ह्यांनी मध्यम मार्ग काढला. जमीन चुलत्यानेच बटईने करायची, पण दोन साक्षीदारांसमोर कागद करायचा आणि मुलांच्या वाट्याचे पैसे दरसाल त्यांच्या खात्यात टाकायचे. भावाने तो शब्द आजपर्यंत पाळला आहे. नात्यात कागद कशाला, असे जे म्हणतात त्यांना माझे सांगणे आहे, की नाते टिकावे म्हणूनच कागद करायचा.

तिसरी गोष्ट पैशाची. बाल संगोपन योजनेत ही मुले २०१६ साली बसली. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा आणि बाल कल्याण समितीचा आदेश घ्यायचा, असा तिचा मार्ग आहे. तेव्हा एका मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. पुढे ते ११०० झाले आणि २०२३ साली २२५०. आम्ही ठरवले, की घरात दोन भाकरी जास्त लागतात त्या लागू देत, या पैशाला हात लावायचा नाही. भाचीच्या खात्यात अशा रीतीने साठ हजारांच्या वर रक्कम जमली. पण या योजनेची एक गोम लक्षात ठेवावी. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की पैसे थांबतात. भाचीला बारावीच्या परीक्षेच्या महिन्यातच अठरा पूर्ण झाली. म्हणजे खर्चाचे दार उघडायला आणि मदतीचे दार मिटायला एकच गाठ पडली. आधी साठवले नसते तर तिथेच अडले असते.

पैसे साठवणे निराळे आणि पैसे वापरता येणे निराळे. २०२२ च्या कार्तिक यात्रेत दोघा भावंडांना सहाशे रुपये उसने दिले आणि सांगितले, "बांधावरची उरलेली सीताफळे तुमची. पाटी लावा, विका, माझे सहाशे परत करा. राहील ते तुमचे." दोन दिवस दोघे यात्रेत बसली. पहिल्या दिवशी भाच्याने ओळखीच्यांना फुकट फळे वाटली, म्हणून बहीण त्याच्यावर चिडली. दुसऱ्या दिवशी भाव कमी न केल्यामुळे पिकलेली फळे तशीच राहिली. तरी सहाशे परत करून हजाराच्या वर उरले. रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली बसून दोघांनी वहीत हिशेब लिहिला. पुस्तकातला नफा-तोटा त्या रात्री त्यांना खरा समजला.

कोविडच्या साथीत ज्यांचे आईबाप गेले, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली योजना काढली. त्या मुलांना तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळायचे आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या मुलाने कधी हजार रुपयांचा हिशेब ठेवला नाही, त्याच्या हातात एकदम दहा लाख आले, तर आजूबाजूला किती मामा-काका जमतील, ते सांगायला नको. रक्कम येईल तेव्हा येईल, शहाणपण मात्र आधी यायला हवे.

घरकामाचेही तसेच. भाच्याला भाकरी येते, वरण-भात येतो, स्वतःचे कपडे धुता येतात. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचले नाही. "पोराला चुलीपुढे कशाला बसवता?" असे म्हणायच्या. मी म्हटले, "आत्याबाई, उद्या शहरात खोली करून राहील तेव्हा त्याला कोण करून घालणार?" दवाखान्यात जाऊन काय होते आहे ते नीट सांगणे, औषधाची चिठ्ठी जपणे, न समजलेल्या कागदावर सही न करणे, कुणी फोनवर बँकेचा आकडा विचारला तर न देणे, हेही त्यातच आले.

आता लग्नाचे. भाची दहावीला होती तेव्हाच स्थळे येऊ लागली. आमच्या भागात याला ऊसतोडीचाही धागा आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची पूर्ण उचल जोडीला मिळते, एकट्याचा तो अर्धा कोयता. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोरी बोहल्यावर चढतात आणि थेट फडात जातात. बिनआईबापाची पोर असली, की लोकांना आणखी घाई. "परक्याचे धन, काही बरेवाईट झाले तर बोल तुम्हाला लागेल," असे मला एका जाणत्या माणसाने सांगितले. मी म्हटले, "बोल लागायचाच आहे, तर शिकवल्याचा लागू द्या." मुलीचे लग्न अठराच्या आत करणे गुन्हा आहे, हे तर आहेच. पण अठरा आणि एक दिवस झाला म्हणजे ती संसाराला तयार झाली, असेही नाही. या बाबतीत सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांचे स्वतःचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "मला कुणी विचारले नव्हते. हिला तरी विचारा."

विचारले. ती म्हणाली, "मला शेतीचेच शिकायचे आहे." तिने सी.ई.टी. दिली आणि २०२४ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाखालच्या एका महाविद्यालयात तिला कृषी पदवीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी जुलैत सरकारचा निर्णय झाला होता. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनाथ मुला-मुलींनाही त्यात धरले आहे. मात्र वसतिगृह, खानावळ, पुस्तके यांचा खर्च उरतोच. तो तिच्या साठलेल्या पैशातून आणि बटईच्या उत्पन्नातून चालतो.

अनाथ प्रमाणपत्राचेही सांगून ठेवते. ज्यांचे दोन्ही पालक वारले आहेत अशा मुलांना महिला व बालविकास विभागाकडून ते मिळते. संस्थेत वाढलेल्यांना मिळते, तसे नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही मिळते. त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. हे आरक्षण २०१८ साली आले, त्यामागे अमृता करवंदे या मुलीची धडपड आहे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी अठरा वर्षांची होताच बाहेर पडली, पुण्यात येऊन काम करत शिकली आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली. गुण असूनही कागदाअभावी तिची निवड अडली, तेव्हा ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. एका मुलीच्या हिमतीने हजारो लेकरांची वाट मोकळी झाली.

भाच्याची गोष्ट वेगळी. त्याचे मन पुस्तकात कमी. २०२५ साली दहावी झाल्याबरोबर म्हणाला, "आत्या, मी टोळीबरोबर जातो. मुकादम पन्नास हजार उचल देतो म्हणतो." रागावून उपयोग नव्हता. आमच्या ह्यांनी त्याला वही घेऊन बसवले. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरलेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तर एकट्याच्या वाट्याला एक टन. म्हणजे पन्नास हजार फेडायला एकशे सदतीस दिवस. त्यात आजारपण नको, खाडा नको, आणि खायचे निराळे. गडी गप्प बसला. म्हणाला, "म्हणजे उन्हाळ्यात घरी येताना हात रिकामेच की!" मग त्याला विचारले, की तुझा हात कशात चालतो? मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला त्याला आवडते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तो आज आय.टी.आय. ला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकतो आहे. सगळ्यांनीच पदवी घेतली पाहिजे असे थोडेच आहे? ज्याला जे पेलते ते त्याने नीट शिकावे, म्हणजे झाले.

आमच्याकडची ही दोघे नशीबवान, कारण त्यांना नाते होते. ज्यांना तेही नाही त्यांचे काय? आपल्या बीड जिल्ह्यात गेवराईला संतोष गर्जे आणि त्यांच्या पत्नी, शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक व कावेरी नागरगोजे, अशी माणसे कित्येक वर्षे परक्या लेकरांना वाढवीत आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुले पुण्याला नेऊन शिकवली. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी २०१५ च्या कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण दिवाळीला सगळी मुले गावाकडे निघतात तेव्हा कुठल्या एस.टी. त बसायचे, हा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. तो आपल्यासारख्या घरांनीच सोडवायचा आहे. अशा एखाद्या मुलाला सणाला बोलवावे. सुट्टीत चार दिवस ठेवून घ्यावे. नोकरीच्या अर्जावर ओळखीचे म्हणून आपले नाव लिहू द्यावे. त्याला पैसे कमी लागतात, माणसे जास्त लागतात.

शेवटी, ज्यांच्या घरात असे लेकरू आहे त्या बंधू-भगिनींना चार गोष्टी सांगते. त्याचे कागद आजच एका जागी करा. त्याची जमीन आणि पैसा त्याच्याच नावावर राहील असे बघा, आणि अठरा पूर्ण होताच हिशेब त्याच्या हातात द्या. लग्नाचे आणि कामाचे ठरवण्याआधी त्याला विचारा. आणि ते शिकायला किंवा कमवायला बाहेर पडले, तर निघताना त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, की हे घर तुझेच आहे. पोटच्या लेकराला हे सांगावे लागत नाही. सांभाळलेल्याला सांगावे लागते, कारण ते स्वतःहून कधीच विचारणार नाही.